मोटरहोममधील आगी : कारणे आणि प्रतिबंध

मोटरहोम किंवा कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. शेगडी, फ्रिज, अंथरूण आणि न्हाणीघर एकाच पेटाऱ्यात असते, आणि ते चालवणारे इंजिनही बहुधा त्यातच. अमेरिकेत अशा वाहनांना सरसकट ‘आरव्ही’ म्हणतात. तिथली मराठी कुटुंबेही सुट्टीत ती भाड्याने घेऊन यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यनकडे निघतात. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. घर पेटण्याची आणि गाडी पेटण्याची अशी दोन्ही कारणे या वाहनात एकत्र नांदतात. भिंती प्लायवूड, फोम आणि फायबरग्लासच्या असल्याने आग फार झपाट्याने पसरते.

फ्रिजवर सहसा कोणाचा संशय जात नाही. यातल्या अनेक फ्रिजना कॉम्प्रेसर नसतो. पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन पोलादी नळ्यांत कोंडलेले असतात आणि गॅसची ज्योत किंवा विजेची कांडी बॉयलर तापवते. पंप नसल्याने द्रव स्वतःच्या वजनानेच खाली उतरतो. गाडी कलती उभी राहिली की तो अडतो, बॉयलर वाजवीपेक्षा जास्त तापतो आणि असे वारंवार झाले की नळीला चीर पडते. बाहेर आलेला हायड्रोजन ज्योतीने पेटू शकतो. आगीच्याच धोक्यामुळे डोमेटिकने 2006 मध्ये आणि नॉरकोल्डने 2010 मध्ये अमेरिकेत आपले फ्रिज दुरुस्तीसाठी परत बोलावले होते. फ्रिजमागची बाहेरची जाळी काढून पाहावी. नळ्यांवर पिवळी पूड दिसली किंवा अमोनियाचा नाकात झोंबणारा वास आला, तर फ्रिज त्याच क्षणी बंद करावा. ही पूड नळी गंजू नये म्हणून आत घातलेल्या क्रोमेटची असते. गाडी सपाट जागी उभी करण्याचा आग्रह धरायचा तो यासाठी.

या वाहनांत शेगडी-फ्रिजसाठी वापरला जाणारा प्रोपेन गॅस हवेच्या दीडपट जड असतो, म्हणून गळती झाली की तो जमिनीलगत साचतो. त्याचा सूचक यंत्रही तळाशीच बसवलेला असतो, आणि नेमका तोच सामानाआड झाकला जातो. जोड साबणाच्या फेसाने तपासावेत. बर्नरच्या नळीत कोळी जाळे विणतात, त्यामुळे ज्योत भरकटते; हंगामाच्या सुरुवातीला ती साफ करून घ्यावी. पेट्रोल भरायला शिरण्यापूर्वी फ्रिज, गीझर, शेगडी अशी गॅसवरची सगळी उपकरणे बंद करून गॅसच्या टाकीची तोटीही बंद करावी.

विजेच्या बाबतीत सैल जोड घातक. अमेरिकेतल्या 120 व्होल्टच्या पुरवठ्यावर 1500 वॉटचा एक हीटर साडेबारा अँपिअर खेचतो. सोबत एसी लावला की 30 अँपिअरची जोडणी जवळजवळ भरते. प्लगची पिन काळवंडलेली किंवा वितळलेली दिसली तर प्लग बदलावा, पुसून पुन्हा खुपसू नये. बॅटरीच्या जाड तारेला बॅटरीजवळच फ्यूज हवा.

रस्त्यावरचे धोके वेगळे. इंजिन मागे असलेल्या लांबलचक डिझेल गाडीत तेलाची नळी फुटून तेल तापलेल्या टर्बोचार्जरवर उडाले, तरी चालकाला धूर आरशातच दिसतो, तोही उशिरा. टायरमधली कमी हवा, अडकलेले ब्रेक आणि कोरडे बेअरिंग यांनीही चाक पेटते. 23 जुलै 2018 रोजी कॅलिफोर्नियात रेडिंगजवळ एका ट्रेलरचा टायर बसला, रिम डांबरावर घासली आणि ठिणग्या वाळलेल्या गवतात पडल्या. त्यातून भडकलेल्या ‘कार फायर’ (Carr Fire) नावाच्या वणव्याने 2 लाख 29 हजार एकरांहून अधिक प्रदेश जाळला आणि 8 जणांचा बळी घेतला. निघण्यापूर्वी हवा मोजायला पाच मिनिटे लागतात. प्रत्येक थांब्यावर हात चाकाजवळ नेऊन ऊब पाहावी. एखादे चाक इतरांपेक्षा फार तापलेले असेल तर पुढे जाऊ नये.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या ‘एनएफपीए 1192’ या मानकानुसार अशा वाहनात धूर, गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचे सूचक, अग्निशामक आणि सुटकेचा दुसरा मार्ग लागतो. सोबतचा अग्निशामक अनेकदा फक्त बी-सी वर्गाचा असतो, म्हणजे तेल आणि विजेच्या आगीसाठी. गादी किंवा लाकूड पेटले तर ए-बी-सी वर्गाचा हवा. तरी आधी माणसांना बाहेर काढायचे, मग विझवण्याचा विचार. सुटकेची खिडकी तिच्या लाल मुठीने ओळखू येते. उन्हाने तिची रबरी पट्टी चिकटून बसते, म्हणून मुक्कामाच्या पहिल्याच संध्याकाळी मुलाबाळांसह प्रत्येकाने ती उघडून पाहावी आणि चौकटीच्या धारेवर टाकायला एक जाड पांघरूण पलंगाशी ठेवावे.