हान्स हेर हाउस

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, लँकेस्टर परगण्यातील विलो स्ट्रीट गावाजवळचे वालुकाश्माचे शेतघर. १७१९ मध्ये बांधलेले हे घर परगण्यातील टिकून राहिलेल्या घरांत सर्वांत जुने आहे. घरमालक धर्मोपदेशक होते आणि उपासना घरातच भरत असे, त्यामुळे अमेरिकेतील मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे सर्वांत जुने उभे प्रार्थनास्थळही हेच मानले जाते.

नाव वडिलांचे असले तरी घर बांधले मुलाने. बिशप हान्स हेर (१६३९–१७२५) म्हातारपणी येथे राहिले; दारावरच्या दगडी पट्टीवर मात्र त्यांचे पुत्र ख्रिस्टियन यांच्या नावाची अक्षरे आणि १७१९ हे साल कोरलेले आहे. हे कुटुंब मूळचे स्वित्झर्लंडचे. बाप्तिस्मा जाणत्या वयातच घ्यावा आणि हाती शस्त्र धरू नये, या श्रद्धेपायी तेथे छळ झाला, तेव्हा पंथाचे लोक तीस वर्षांच्या युद्धाने उजाड झालेल्या जर्मनीतील पॅलॅटिनेट प्रदेशात गेले. तिथेही स्वस्थता लाभली नाही. विल्यम पेन यांच्या पेनसिल्व्हेनिया या वसाहतीत धर्मस्वातंत्र्य होते. १७१० मध्ये त्यांतल्या काही कुटुंबांना पेक्वे ओढ्याकाठी १०,००० एकर जमीन मिळाली. अशा जर्मनभाषकांना पुढे ‘पेनसिल्व्हेनिया डच’ म्हणू लागले. या नावाचा हॉलंडशी संबंध नाही.

भिंती जाड आहेत, छप्पर उभ्या उताराचे आहे आणि त्याखाली माळे आहेत. पण या घराचे खरे मर्म त्याच्या चुलीत आहे. पुढचे दार थेट ‘क्युखे’त, म्हणजे स्वयंपाकघरात उघडते. धुराडे घराच्या मधोमध असून त्याच्या पलीकडे ‘श्टुबे’ ही बसाउठायची खोली आणि तिच्यामागे ‘काम्मर’ ही झोपायची खोली. श्टुबेत पाच लोखंडी पत्र्यांची पेटीसारखी शेगडी भिंतीला लावलेली असे. तिची उघडी बाजू भिंतीतल्या भोकातून चुलीकडे असल्याने निखारे स्वयंपाकघरातूनच आत सारता येत आणि धूरही त्याच वाटेने परत धुराड्यात जाई. त्यामुळे श्टुबेत ऊब राही, धूर नसे. त्याच काळातील इंग्रज वसाहतकऱ्यांच्या घरांत खोलीतच उघडी आगटी पेटवत, आणि तिची बरीच उष्णता धुराड्यातून निघून जाई. खिडक्या लहान आहेत आणि त्या बाहेरच्या शोभेसाठी नव्हे, तर आतल्या खोल्यांच्या सोयीने ठेवलेल्या, म्हणून दर्शनी भिंत समतोल दिसत नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीमंत जर्मन शेतकरीही इंग्रजी धर्तीची सममित घरे बांधू लागले आणि ही रचना मागे पडली.

१८६० च्या दशकानंतर घरात कोणी राहिले नाही. ते सामान ठेवण्याच्या कोठारासारखे वापरले गेले. हान्स हेर यांचे वंशज असलेले चित्रकार अँड्र्यू वायथ यांनी जीर्णोद्धारापूर्वी ते चितारले होते. १९७१ मध्ये त्याची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत नोंद झाली, आणि नंतरची भर काढून टाकून ते जुन्या रूपात आणल्यावर १९७४ मध्ये संग्रहालय म्हणून खुले झाले.

२०१३ पासून याच आवारात मूलनिवासींच्या लांबघराची, म्हणजे अनेक कुटुंबे एकत्र राहत अशा लांबट घराची, प्रतिकृतीही उभी आहे. ती तेथे असणे अगत्याचे होते. या खोऱ्यातील कोनेस्टोगा लोक नवागतांचे शेजारी होते. डिसेंबर १७६३ मध्ये पॅक्स्टन बॉइज या सशस्त्र टोळीने त्यांच्यापैकी २० जणांना दोन हल्ल्यांत ठार मारले. त्यांतले १४ जण संरक्षणासाठी लँकेस्टर शहरात ठेवलेले होते.