सात लिंबं आणि सहा व्होल्टची फार्गो

जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचा मेळा भरला होता. तो बघून आलेल्या आमच्या ओळखीच्या एका काकांना आपल्या परसात ताडपत्रीखाली पडलेली फार्गो पिकअप आठवली. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेतला नंबर देण्याचा केंद्र सरकारचा नियम २०२१ मध्येच आला होता, त्यामुळे त्यांच्या उत्साहाला सरकारी बळही मिळालं. दांडिया बाजारातल्या त्यांच्या वाड्यात वर्षभर ठोकाठोक चालली. नवा पत्रा आला, नव्या गाद्या आल्या, रंगाचे तीन हात झाले. गाडी नवरीसारखी सजली, पण सुरू काही होईना.

फार्गो म्हणजे डॉज या अमेरिकन ब्रँडचंच दुसरं नाव. ही १९५०च्या आसपासची, साइड व्हॉल्व्हच्या सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनाची. स्टार्टर (इंजिनाला पहिले फेरे देणारी विजेची मोटर) पायाने दाबायचा, वीज सगळी सहा व्होल्टची, आणि आज उलटं वाटेल अशी गोष्ट म्हणजे बॅटरीचं प्लस टोक चॅसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेलं. स्टार्टर दाबला की इंजिन कण्हत कण्हत फिरायचं, पण पेट घ्यायचं नाही. एका मिस्त्रीने कार्बोरेटर उघडला, दुसऱ्याने प्लग बदलले, तिसऱ्याने पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) घासले. काकांनी दोन नव्या बॅटऱ्या आणल्या, काकूंनी बंपरला लिंबू-मिरची बांधली.

“अरे, हेडलाइट बघ कसे झगझगतात, मीटरसुद्धा सहाच्या वर दाखवतो. आणि हँडल मारलं की तिसऱ्या फेऱ्याला चालू होते!” काका मला म्हणाले.

हँडल म्हणजे पुढून खुपसून इंजिन हाताने फिरवायचा दांडा. त्याचा हा पुरावा सगळ्यात मोलाचा होता आणि त्याच्याकडेच कोणी बघत नव्हतं. हँडलने सुरू होते म्हणजे पेट्रोल येतंय, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आहे, टायमिंगही (ठिणगीची वेळ) जागेवर आहे. दोष फक्त स्टार्टर फिरत असतानाच उगवतो. मग कार्बोरेटर उघडून सापडणार काय?

आता मीटरचं. बंपरच्या त्या लिंबात तांब्याची तार आणि जस्ताची पट्टी खुपसली तर जवळपास ०.९ व्होल्ट मिळतात. अशी सात लिंबं ओळीने जोडा, मीटर सहाच्या वर चढेल. सहा व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरीही ६.३ च्या आसपासच दाखवते. मीटरच्या लेखी दोन्ही सारख्याच! पण लिंबांवर स्टार्टर सोडा, टॉर्चचा साधा बल्बही पेटत नाही, कारण ती काही मिलिअँपिअरच्या वर देऊच शकत नाहीत. काहीच काम करत नसलेल्या बॅटरीचं व्होल्टेज मोजणं म्हणजे पंगतीला न बसलेल्या माणसाची भूक मोजणं. काकूंच्या लिंबावर माझा विश्वास नाही, पण दृष्ट काढण्यापेक्षा हा धडा द्यायला ते जास्त लायक आहे.

शाळेतला ओहमचा नियम आठवा : व्होल्टेज म्हणजे प्रवाह गुणिले रोध. समजा, बॅटरी आणि इंजिन यांच्यामध्ये कुठेतरी एक शतांश ओहमचा रोध आहे. किती क्षुल्लक! हेडलाइटचा एक दिवा सहाएक अँपिअर घेतो, म्हणजे या रोधात ०.०६ व्होल्ट गेले. डोळ्याला फरक कळणारही नाही. पण स्टार्टर दोनशे अँपिअर ओढतो. दोनशे गुणिले एक शतांश म्हणजे तब्बल २ व्होल्ट. (रोधामुळे प्रवाहही थोडा घटतो, पण हिशेब सोपा ठेवू.) बारा व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच ताकदीच्या स्टार्टरला शंभर अँपिअर पुरतात. तिथे हाच रोध १ व्होल्ट खातो, म्हणजे बारावा हिस्सा. सहा व्होल्टच्या गाडीत तो तिसरा हिस्सा गिळतो.

खरी गंमत पुढे आहे. बॅटरी स्वतः या भाराखाली पाचावर येते. त्यातून दोन गेले, उरले तीन. आणि प्लगची ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलला मिळतात ते हेच तीन. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या जाड वेढ्यांतून प्रवाह जातो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की ते कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत काही हजार व्होल्ट उसळतात, तीच ठिणगी. इंजिन मंद फिरतं तेव्हा पॉइंट बराच वेळ मिटलेले राहतात, त्यामुळे प्रवाह पूर्ण चढतो आणि तो किती चढणार हे व्होल्टेज भागिले रोध यावर ठरतं. व्होल्टेज निम्मं, तर प्रवाह निम्मा. पण कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गावर चालते, म्हणून ठिणगीच्या वाट्याला चौथाईच येते! त्यात प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवला की ठिणगी छान दिसते आणि मिस्त्री फसतो. सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेतून उडी मारायला त्याहून बरंच जास्त व्होल्टेज लागतं. हँडल मारताना मात्र स्टार्टर गप्प असतो, कॉइलला पूर्ण सहा मिळतात.

स्टार्टरचा हा राक्षसी प्रवाह काही चूक नव्हे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन संशोधकाने १९१२च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आणला. त्याआधी त्याने दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला मोटर बसवली होती. काही सेकंदच फिरायचं असेल तर छोट्या मोटरवर भरमसाट भार टाकता येतो, हे त्याला तिथेच उमगलं होतं. म्हणूनच स्टार्टर मिनिटभर दाबून धरायचा नसतो.

मग तो शतांश ओहम शोधायचा कसा? ओहम मोजून नव्हे, साधा मीटर तेवढं अचूक दाखवतच नाही. व्होल्ट मोजायचे, तेही स्टार्टर फिरत असतानाच. मी मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लस खुंटावर ठेवली (क्लॅम्पवर नाही, खुद्द खुंटावर), दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर, आणि काकांना म्हटलं, “दाबा.” तिथे पाव व्होल्टच्या आत आकडा हवा. आला १.८. मग सुई एकेक सांधा पुढे सरकवत गेलो. अर्धा व्होल्ट केबलमध्येच जात होता, कारण दुकानदाराने बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल दिली होती. उरलेला जवळजवळ सगळा चॅसिसवरच्या अर्थिंगच्या बोल्टपाशी, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक जिथे चॅसिसला जोडलं होतं तिथे. पाना लावला आणि वायसर काढला. खाली चकचकीत मेहंदी रंग.

मेळ्यासाठी दिलेला रंग. वर्षानुवर्षं उघड्या लोखंडाला टेकणारी अर्थिंगची पट्टी आता तीन थर रंगावर बसली होती आणि सगळा प्रवाह बोल्टच्या दोन-चार आट्यांतून वाट काढत होता. धातू धातूला टेकला तरी खरा स्पर्श काही सूक्ष्म उंचवट्यांवरच होतो, मग मधे रंग आल्यावर काय उरणार?

मी पॉलिश पेपर काढला तेव्हा काकांनी तोंड फिरवलं. रुपयाएवढी जागा चकाकेपर्यंत घासली, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन फासलं आणि वेल्डिंगची जाड केबल टाकली. मीटर ०.२. काकांनी पाय दाबला, दुसऱ्या फेऱ्याला इंजिन धडधडलं. दोन नव्या बॅटऱ्यांपैकी एक अजून पडवीत आहे.

काका खाली वाकून चॅसिसकडे बघत होते. म्हणाले, “एवढा डाग मेळ्यात कोणाला दिसणार तर नाही ना?”