सारखं शिसं तुटतंय: पेन्सिल खराब की शार्पनर बोथट?

दरवर्षी जूनमध्ये माझ्या ड्रॉइंगच्या क्लासला नवीन मुलं येतात आणि पंधरा दिवस झाले की कोणाची तरी आई दारात थांबून विचारतेच, "ताई, कुठल्या कंपनीची पेन्सिल घेऊ? तीन बदलल्या, सगळ्यांची शिसं तुटतात." यंदा सातवीतल्या एका मुलीच्या आईने विचारलं. मी म्हटलं वहिनी, पेन्सिलचं नंतर बघू, आधी शार्पनर दाखवा. कंपासपेटीतून निघाला तो एक गुलाबी प्लास्टिकचा, पेन्सिलच्या पाकिटात फुकट आलेला, पातं कडेने तांबूस झालेलं आणि भोकाच्या अगदी तळाशी आधीच तुटलेल्या शिशाचा एक बारीक तुकडा अडकून बसलेला. पेन्सिली तीन बदलल्या, शार्पनर मात्र दोन वर्षं तोच!

म्हणून हे सविस्तर लिहितेय, कारण पेन्सिल खराब असली काय किंवा शार्पनर खराब असला काय, आपल्याला दिसतं एकच, टोक तुटलं. आणि राग निघतो पेन्सिलवर. पण दोघांच्या खुणा वेगळ्या असतात, एकदा ओळखता यायला लागल्या की परत चुकत नाही.

आधी त्या शिशाबद्दल. आपण शिसपेन्सिल म्हणतो पण त्यात शिसं कणभरही नसतं. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये बॉरोडेलला शुद्ध ग्राफाइटचा साठा मिळाला, तेव्हा लोकांना ते शिशाचाच एखादा प्रकार वाटला आणि नाव चिकटलं ते चिकटलं. ग्राफाइट म्हणजे कार्बन. पुढे फ्रान्सचं इंग्लंडशी युद्ध पेटलं, तिकडचं ग्राफाइट यायचं बंद झालं, तेव्हा निकोला-जाक काँते याने ग्राफाइटची पूड आणि माती एकत्र मळून, कांड्या करून भट्टीत भाजायची पद्धत काढली आणि १७९५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आजही मुळात तसंच करतात. माती जास्त घातली की शिसं कडक आणि फिकट, ग्राफाइट जास्त घातलं की मऊ आणि गडद. एचबी, २बी, ४बी हे सगळं त्या प्रमाणाचंच गणित आहे.

आता यातली महत्त्वाची गोष्ट अशी की पेन्सिलमधलं शिसं म्हणजे भाजलेल्या मातीची दोन-अडीच मिलिमीटर जाडीची कांडी. घरावरचं कौल आठवा. कौल सरळ दाब कितीही सोसेल पण वाकवायला गेलात की कटकन दोन तुकडे. शिशाचं तसंच आहे, ते वाकत नाही, आडवा जोर आला की तुटतं. तो आडवा जोर दोन ठिकाणांहून येतो, एक तर लाकडाने शिशाला नीट धरलेलं नसतं, नाहीतर पात्याने त्याला बाजूने ढकललेलं असतं. पहिली चूक पेन्सिलची, दुसरी शार्पनरची.

पेन्सिल बनते कशी ते माहीत असेल तर तिची चूक कुठे होऊ शकते ते लगेच कळतं. लाकडाच्या पातळ पट्टीवर शेजारी शेजारी खाचा पाडतात, खाचांत गोंद लावून शिसं ठेवतात, वरून तशीच खाचांची दुसरी पट्टी दाबून बसवतात आणि मग त्या सँडविचमधून एकेक पेन्सिल कापून काढतात. भारतात या पट्ट्यांचं खूप मोठं काम काश्मीरमध्ये पुलवामा जिल्ह्यातल्या उखू गावात चालतं, तिथलं पॉपलरचं लाकूड देशभरातल्या पेन्सिल कारखान्यांना जातं. टोक न केलेली नवी पेन्सिल घ्या आणि तिच्या एका टोकाचा सपाट काप उजेडात धरा, दोन पट्ट्यांचा जोड बारीक रेघेसारखा दिसतो बघा. त्या रेघेवर मधोमध शिसं असलं पाहिजे. वरच्या खाचा आणि खालच्या खाचा नीट जुळल्या नाहीत किंवा कापताना पट्टी सरकली की शिसं एका बाजूला जातं. दुकानात पेन्सिल घेताना मी एवढं एक बघतेच, दुकानदार वैतागला तरी पाकीट उघडून बघते.

शिसं मधोमध नसेल तर टोक केल्यावर एका बाजूला लाकूड वर चढलेलं आणि दुसऱ्या बाजूला शिसं लांबपर्यंत उघडं पडलेलं दिसतं. लिहिताना ती लाकडाची बाजू कागदाला खरखर घासते, मुलं मग पेन्सिल फिरवून फिरवून धरतात. ही पेन्सिलची खूण. पण थांबा, इथेच गफलत होते, कारण पेन्सिल शार्पनरमध्ये तिरकी धरली किंवा भोक सैल असेल तरी असंच एका बाजूला लाकूड चढतं. मग ओळखायचं कसं? पेन्सिलवर नाव छापलेली बाजू असते ना, ती लक्षात ठेवा. टोक करा, लाकूड कुठल्या बाजूला चढलं ते बघा, मग थोडं परत करा, मग दुसऱ्या कोणाच्या तरी शार्पनरने करा. दर वेळी त्याच बाजूला चढत असेल तर पेन्सिल वाकडी, शार्पनर निर्दोष. बाजू बदलत असेल तर हात किंवा शार्पनर.

पेन्सिलची दुसरी चूक म्हणजे आतल्या आत तुटलेलं शिसं, आणि ही खरं तर कारखान्याची कमी आणि आपली जास्त. बाकावरून पेन्सिल फरशीवर पडली की बाहेरून काही दिसत नाही पण आत शिशाचे दोन-तीन ठिकाणी तुकडे झालेले असू शकतात. मग टोक करायला गेलं की चांगला पाच-सात मिलिमीटरचा अख्खा तुकडा अलगद बाहेर येतो, त्याचं मागचं तोंड सपाट असतं आणि लाकडात मागे रिकामं भोक दिसतं. लहान मुलं तो तुकडा परत भोकात बसवून लिहायचा प्रयत्न करतात, तो हलतो. असं झालं तर शार्पनर बदलून काही फायदा नाही, तुटलेला भाग संपेपर्यंत पेन्सिल छिलत राहायची. काही पाकिटांवर बॉन्डेड लेड असं लिहिलेलं असतं, म्हणजे शिसं लाकडाला पूर्ण लांबीत घट्ट चिकटवलेलं, त्याने पडल्यावरचं नुकसान कमी होतं, बिलकुल होत नाही असं नाही.

आता शार्पनर. आपण ज्याला साधा शार्पनर म्हणतो तो म्हणजे तिरकं निमुळतं भोक असलेला एक ठोकळा आणि त्यावर एका स्क्रूने बसवलेलं पातं, एवढंच. पेन्सिलचं टोक करायच्या यंत्राचं पेटंट फ्रान्समध्ये बेर्नार लासिमोन याने १८२८ मध्ये घेतलं होतं, त्याच्या आधी आणि नंतरही कितीतरी वर्षं लोक चाकूनेच टोक काढायचे आणि चित्रकार अजून काढतात. ठोकळा कशाचा आहे याने थोडा फरक पडतो, पण सगळा जीव त्या पात्यात.

धारदार पातं लाकूड कापतं, बोथट पातं लाकूड ओढतं. बोथट पात्याने पेन्सिल फिरेना की मूल काय करतं, अजून जोरात आत दाबतं. तो दाब सगळा निमुळत्या टोकावर, जिथे शिसं सगळ्यात बारीक आहे, आणि पातं त्याच वेळी त्याला बाजूने ढकलत असतं. कौल वाकवल्यासारखं झालं ते. कटकन आवाज येतो आणि टोक गेलं. हा तुकडा लांब नसतो, तांदळाच्या कणीएवढा असतो, आणि मुख्य म्हणजे लाकडाचा जो शंकू राहतो तो हाताला केसाळ लागतो, जणू कुणी कुरतडलाय. पेन्सिलच्या दोषात लाकूड सहसा गुळगुळीतच राहतं. दोघांतला हा सगळ्यात सोपा फरक, डोळे मिटून बोटाने पण कळतो.

आणि सालं बघा, सालं खोटं बोलत नाहीत. चांगल्या पात्यातून साल अखंड निघते, पंख्यासारखी गोल, कडेला रंगाची नक्षी. षटकोनी पेन्सिल असेल तर कडेला लाटा दिसतात, सहा लाटा मोजल्या की पेन्सिलचा एक फेरा पूर्ण. लाल-काळ्या पट्ट्यांची पेन्सिल असेल तर ती कड इतकी सुंदर दिसते की आम्ही लहानपणी त्या सालांची फुलं करून वहीत चिकटवायचो, माझ्या क्लासमधली मुलं अजून करतात. बोथट पात्यातून साल येतच नाही, भुसा येतो, चुरा येतो, मधेच जाड ढलपी. आवाज पण वेगळा, एक सर्र असा सलग, दुसरा कर्रकर्र अडखळत. मी मुलांना सांगते की टोक करताना बोलू नका, ऐका.

फक्त एक अपवाद. लाकडाच्या रेषा पेन्सिलच्या लांबीत सरळ जात नसतील, तिरक्या असतील, तर चांगल्या पात्याने सुद्धा एका बाजूचं लाकूड गुळगुळीत सुटतं आणि दुसऱ्या बाजूचं उचकटतं. म्हणजे शंकू सगळीकडून केसाळ असेल तर पातं, एकाच बाजूने असेल तर लाकूड. रंगाखाली रेषा दिसत नाहीत त्यामुळे हे घेताना कळत नाही, टोक केल्यावरच कळतं.

तरीही शंका राहिली तर माझा नियम, दोन पेन्सिली आणि दोन शार्पनर घेऊन बसायचं आणि अदलाबदल करायची. तुमची पेन्सिल दुसऱ्याच्या शार्पनरमध्ये नीट झाली आणि दुसऱ्याची तुमच्यात तुटली, तर शार्पनर फेका. तुमची दोन्हीकडे तुटली आणि दुसऱ्याची दोन्हीकडे चांगली झाली, तर पेन्सिलच गेली. पाच मिनिटांचं काम आहे पण लोक हे करत नाहीत, सरळ कंपनी बदलतात. आणि त्यात गंमत म्हणजे नटराज सोडून अप्सरा घेतात, आता कंपनी बदलली असं समजून, पण दोन्ही एकाच हिंदुस्तान पेन्सिल्सच्या आहेत, ही १९५८ ची मुंबईची कंपनी. मी स्वतः दोन्ही वापरते, दोन्ही आवडतात.

अदलाबदल करायच्या आधी मात्र टाचणीने भोकाचा तळ साफ करा. हे मी विसरून कितीदा फसलेय. आधीच्या पेन्सिलचा तो कणीएवढा तुकडा तळाशी अडकलेला असतो, नवीन पेन्सिलचं टोक तिथे जाऊन आपटतं आणि तुटतं, म्हणजे पातं चांगलं, पेन्सिल चांगली, आणि तरी तुटतंय. स्क्रू पण बघा. ढिला असेल तर पातं थरथरतं आणि शंकूवर गोल गोल वळ्या उमटतात. चष्म्याच्या छोट्या स्क्रूड्रायव्हरने घट्ट होतो, नवीन शार्पनर घ्यायची गरज नाही.

रंगीत पेन्सिलींचं वेगळं आहे. त्यातलं रंगाचं शिसं भट्टीत भाजलेलं नसतं, मेण किंवा तेल घालून केलेलं असतं, मऊ असतं, तुटणं त्याच्या स्वभावात आहे. शिवाय ते मेण पात्यावर बसतं आणि मग त्याच शार्पनरने २बी करायला गेलात की पातं घसरतं, आपल्याला वाटतं धार गेली. अशा वेळी एखादी जुनी एचबी त्यात दोन-चार फेरे फिरवली की पातं बरंचसं साफ होतं. त्यापेक्षा रंगीत पेन्सिलींना वेगळा शार्पनर ठेवलेला बरा. दोन भोकांचा असेल तर मोठं भोक जाड पेन्सिलींसाठी असतं, त्यात साधी बारीक पेन्सिल घातली की ती डुगडुगते आणि मग परत तेच, एका बाजूला लाकूड.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणारी मुलं शेडिंगसाठी ४बी, ६बी घेतात, त्यांना मी वेगळं सांगते. मऊ शिशाला लांब निमुळतं टोक झेपत नाही. लांब टोक करणारे शार्पनर मिळतात, काही दोन टप्प्यांचे असतात, पहिल्या भोकात फक्त लाकूड, दुसऱ्यात शिसं, आणि एचबी-एचला त्याने जे टोक येतं ते बघत राहावं असं. पण ६बीला लांब टोक करून मग तुटलं म्हणून रडायचं यात पेन्सिल पण निर्दोष आणि शार्पनर पण. तिथे आखूड टोक, हलका हात.

पैसे कुठे घालायचे असं विचाराल तर माझं उत्तर ठाम आहे, शार्पनरवर. जर्मनीत एर्लांगेनच्या आसपास शार्पनर बनवणाऱ्या जुन्या कंपन्या आहेत, कुम त्यातलीच, त्यांचे मॅग्नेशियमचे छोटे पाचरीसारखे शार्पनर आपल्याकडे ऑनलाइन मिळतात. हातात घेतले की इतके हलके लागतात की धातूचे वाटत नाहीत. माझ्याकडे एक आहे, त्यातून साधी दुकानातली पेन्सिल फिरवली तरी पेन्सिल महाग वाटायला लागते. पातं गंजू शकतं हे मात्र लक्षात ठेवायचं, आपल्याकडे पावसाळ्यात दप्तर ओलं, कंपासपेटी ओली, आणि साधं पोलादी पातं आठवड्याभरात तांबूस पडतं. जून ते सप्टेंबर मी क्लासमधले सगळे शार्पनर तांदळाच्या दाण्यांबरोबर एका झाकणाच्या डबीत ठेवते.

त्या सातवीतल्या मुलीला मी माझा शार्पनर दिला आणि तिचीच ती "खराब" ठरवलेली पेन्सिल त्यात फिरवायला सांगितली. दाबू नको म्हटलं, नुसती फिरव. तीन फेऱ्यांची साल एका तुकड्यात निघाली. तिने ती तळहातावर धरून आईला दाखवली आणि मग कंपासपेटीतल्या बाकीच्या दोन पेन्सिली काढून त्यांनाही टोक करत बसली.