संगीतप्रकारांची लेबले (ग्रामीण विदर्भ)

गाणे शोधताना व त्याविषयी बोलताना वापरली जाणारी वर्गनामे. विदर्भाच्या खेड्यांत ती भरपूर आहेत, पण एकाच कसोटीवर ठरलेली नाहीत. खंजेरी भजन वाद्यावरून ओळखले जाते, भीमगीत विषयावरून, भुलाबाईची गाणी सणावरून, तर खडी गंमत हे लोकनाट्य उभ्याने सादर करण्यावरून. साहजिकच एका गाण्याला दोन-तीन नावे लागू पडतात. कव्वालीच्या ढंगातले भीमगीत कोणत्या खणात ठेवायचे, हा वाद म्हणूनच निरर्थक आहे. दोन्ही नावे लिहावीत.

नाव प्रसंगाशी जोडलेले असेल तर शोध सोपा होतो. ‘भुलाबाई’ म्हटले की भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी हा काळ, फेर धरणाऱ्या मुली, टिपऱ्या आणि शेवटी खाऊ ओळखण्याचा खेळ एवढे कळते. ‘झाडीपट्टी’ हे मात्र पूर्व विदर्भातल्या प्रदेशाचे नाव. त्याखाली दंडार हा नाचगाण्याचा लोकनाट्यप्रकार, खडी गंमत आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक कंपन्यांची रात्रभर चालणारी नाटके सगळेच येते. नाटकातले ऑर्गन-ऑक्टोपॅडवरचे गाणे हवे असलेल्याच्या पदरी डफ-तुणतुण्यावरची गंमत पडते, किंवा उलट. ‘गौळण’ आणखी फसवी: भजनी मंडळात ती भक्तिपर असते, खडी गंमतीत कृष्ण आणि गौळणींची थट्टामस्करी. कोण, कुठे गाते हे जोडल्याशिवाय त्या नावाचा उपयोग नाही.

सर्वांत पोकळ लेबल ‘लोकगीत’. गोंडांच्या रेला या नृत्यगीतापासून स्टुडिओत कीबोर्डवर बसवलेल्या लग्नगीतापर्यंत काहीही त्यात ढकलले जाते.

एमपी३ फायलींत अडचण वेगळी आहे. जुन्या आयडी३ टॅगमध्ये, म्हणजे फायलीतच साठवलेल्या गाण्याच्या माहितीत, प्रकारासाठी एकच बाइट असे; त्यात ठरलेल्या यादीतला क्रमांक तेवढा मावे. ८० प्रकारांच्या मूळ यादीत युरोपातली ‘पोल्का’ होती, ‘फोक’ नव्हते. ते विनॅम्प या संगणकावरच्या प्लेअरने वाढवलेल्या यादीत आले. शिवाय त्या टॅगमध्ये देवनागरी बसत नाही, प्लेअरवर प्रश्नचिन्हे उमटतात. नंतरच्या आयडी३ व्ही२ आवृत्तीत प्रकार मोकळ्या मजकुरात लिहिता येतो. तिथे सादरीकरण, प्रसंग, मुख्य वाद्य आणि तालुका या क्रमाने नोंद करावी, उदाहरणार्थ ‘खडी गंमत, मंडई, डफ, साकोली’ (मंडई म्हणजे इकडे दिवाळीनंतर भरणारी गावजत्रा). चाल सिनेगीतावरून उचललेली असल्यास तेही शेरा म्हणून लिहावे. ऐकणारे बहुतेकदा चालीवरूनच गाणे विचारतात.

शोधताना लेखनभेद ध्यानात घ्यावेत: खंजेरी-खंजिरी, दंडार-दंढार, गौळण-गवळण. खानदेशाकडच्या ध्वनिफितींत भुलाबाईऐवजी ‘गुलाबाई’ सापडते.