इलेक्ट्रिक कार : पर्यावरणीय लाभ आणि व्यावहारिक अडचणी

इलेक्ट्रिक कार म्हणजे इंजिनाऐवजी बॅटरी आणि विद्युत मोटर यांवर चालणारी गाडी. वीज आणि पेट्रोल दोन्ही वापरणाऱ्या हायब्रिड गाड्या या नोंदीत धरलेल्या नाहीत. ही गाडी किती स्वच्छ आणि किती सोयीची, हे बरेचसे गाडीबाहेरच ठरते : वीज कशापासून तयार होते आणि गाडी रात्री कुठे उभी राहते, यावर.

कल्पना जुनीच आहे. ताशी १०० किमी. वेग ओलांडणारे पहिले रस्त्यावरचे वाहन विजेचेच होते. बेल्जियमच्या कामिय जेनात्सी यांनी ते १८९९ मध्ये चालवले. पुढे १९१२ पासून पेट्रोल गाड्यांना सेल्फ स्टार्टर मिळाला, हँडल मारण्याचा त्रास संपला आणि विजेच्या गाड्या मागे पडल्या. १९९१ मध्ये बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटरीने त्यांना पुन्हा वाट करून दिली.

मोठा फायदा कार्यक्षमतेचा. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. विजेच्या गाडीत चार्जिंगमधली गळती धरूनही तीन चतुर्थांशाच्या आसपास ऊर्जा कामी येते. वेग कमी करताना मोटरच जनित्रासारखी फिरते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. त्यामुळे थांबत-थांबत चालणाऱ्या शहरी वाहतुकीत ही गाडी खरी किफायतशीर ठरते. शिवाय नायट्रोजन ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी माणसांच्या नाकाशी सोडणारा धुराडा तिला नसतो. टायरची झीज मात्र सुटत नाही. बॅटरीमुळे गाडी काहीशे किलोंनी जड होते, त्यामुळे टायरची धूळ थोडी वाढूही शकते. ब्रेकची धूळ कमी होते.

हवामानाच्या दृष्टीने होणारा फायदा हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही. मध्यम आकाराची विजेची गाडी १०० किमी.ला साधारण १८ युनिट घेते. सगळी वीज कोळशाची असेल, तर युनिटमागे सुमारे १ किलो, म्हणजे १८ किलो कार्बन डायऑक्साइड. तेवढ्याच अंतराला साडेसहा लिटर पेट्रोल लागले, तर लिटरमागे २.३ किलोप्रमाणे १५ किलो होतात; तेल उपसणे, शुद्ध करणे आणि वाहून आणणे धरले की आकडा १८ च्या आसपास जातो. म्हणजे निव्वळ कोळशाच्या विजेवर जवळपास बरोबरी. नॉर्वेसारख्या, बहुतेक सगळी वीज पाण्यापासून काढणाऱ्या देशात मात्र तोच १८ किलोंचा आकडा एका किलोच्याही खाली येतो. बहुतेक देशांची वीज या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते. वीज स्वच्छ होत गेली की आधी विकलेली गाडीही आपोआप स्वच्छ होते. पेट्रोल गाडीच्या नशिबी हे नाही.

उलट बाजूला बॅटरी आहे. ती बनवताना इतकी ऊर्जा खर्च होते, की विजेची गाडी कारखान्यातून बाहेर पडते तीच जास्त कार्बनचे कर्ज डोक्यावर घेऊन. मिश्र वीजपुरवठ्यावर हे कर्ज साधारण एक-दोन वर्षांच्या वापरात फिटते. कोळसा जास्त असेल, तर बराच अधिक काळ लागतो. बॅटरीत लागणाऱ्या कोबाल्ट धातूपैकी जगातला निम्म्याहून अधिक काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतो आणि तिथल्या छोट्या खाणींत लहान मुले राबत असल्याचे वारंवार उघड झाले आहे. चिलीच्या आताकामा वाळवंटात लिथियमसाठी खारे पाणी उपसून उन्हात आटवतात, तेही पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या भागात. कोबाल्ट आणि निकेल न लागणाऱ्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटऱ्या आता मोठ्या प्रमाणावर वापरात आहेत. त्या थोड्या जड असतात, पण टिकाऊ.

रोजच्या वापरातली खरी अडचण चार्जिंगची. ६० युनिटची रिकामी बॅटरी घरच्या ७ किलोवॅट चार्जरवर नऊ तासांत भरते, साध्या ३ किलोवॅटच्या सॉकेटवर वीस तास लागतात. स्वतःची पार्किंगची जागा आणि तिथे वीज असेल, त्याला याचे काही वाटत नाही. गाडी रात्रभर उभीच असते. इमारतीत राहून रस्त्यावर गाडी लावणाऱ्याला मात्र सार्वजनिक चार्जर शोधत फिरावे लागते, आणि तिथली वीज बहुधा घरच्यापेक्षा महाग पडते. फास्ट चार्जरवर १० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत अर्ध्या-पाऊण तासात मजल जाते. त्यापुढे बॅटरीला इजा होऊ नये म्हणून गाडी स्वतःच प्रवाह कमी करते आणि शेवटचे २० टक्के रेंगाळतात. लांबच्या प्रवासात म्हणूनच जाणकार ८० टक्क्यांवर केबल काढून पुढे निघतात.

एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते, एक किलो बॅटरीपॅकमध्ये ०.२ युनिटही नाही. कार्यक्षमता कितीही चांगली असली तरी ही दरी पूर्ण भरून निघत नाही, म्हणून रेंजची, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती अंतर जाईल याची, चिंता उरते. पेट्रोल गाडी हायवेवर चांगला ॲव्हरेज देते, विजेची गाडी तिथेच कमी पडते : वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि ब्रेकमधून परत मिळणारी वीजही नसते. कडाक्याच्या थंडीत रेंज आणखी घटते, कारण केबिन तापवायला इंजिनाची फुकटची उष्णता इथे नाही. बाहेरच्या हवेतली उष्णता आत खेचणाऱ्या हीट पंपाने हे नुकसान काहीसे कमी होते.

बॅटरी हळूहळू क्षीण होते. बहुतेक कंपन्या तिच्यावर आठ वर्षांच्या आसपास वॉरंटी देतात, तरी जुनी गाडी घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बॅटरीचाच असतो. अपघातात पॅकला मार बसला तर दुरुस्ती फार महाग पडते. पेट्रोल गाड्यांच्या तुलनेत या गाड्यांना आग लागण्याचे प्रमाण कमी दिसते. पण एकदा पेटलेली बॅटरी विझवायला खूप पाणी लागते, आणि विझल्यावर काही तासांनी ती पुन्हा पेटू शकते.