दिव्यालाही डावं-उजवं असतं

परदेशातून आणलेली मोटार आपल्या रस्त्यावर चालवायची तर तिच्यात काय बदलावं लागतं, असं कुणालाही विचारा. उत्तर एकच येतं: स्टिअरिंग. ते उजवीकडे असलं की काम झालं. प्रत्यक्षात भारताच्या आयात धोरणात उजवीकडचं स्टिअरिंग आणि किलोमीटरमध्ये वेग दाखवणारा स्पीडोमीटर यांच्या जोडीला तिसरी अट आहे. हेडलाइटचा प्रकाश 'डावीकडून चला' या वाहतुकीला साजेल असाच पसरला पाहिजे. ही अट ऐकली की लोक बुचकळ्यात पडतात. दिवा समोर उजेड पाडतो, त्याला कसलं आलंय डावं-उजवं?

असतं. आणि ते समजून घ्यायची गरज परदेशी मोटार घेणाऱ्या मूठभर लोकांपेक्षा तुम्हाआम्हाला जास्त आहे. कोल्हापुरात परदेशातून अख्खी गाडी क्वचित येते, दिवा मात्र सहज येतो. अमेरिकेतल्या जीपसाठी बनलेला ७ इंची गोल एलईडी दिवा ऑनलाइन मागवला की इथल्या जुन्या जीपच्या खोबणीत तो बिनतक्रार बसतो. बसवणारा खूश, बघणारे 'लई भारी' म्हणतात, आणि राधानगरी रोडला समोरून येणाऱ्याला पुढचे काही क्षण काहीच दिसत नाही. त्याला वाटतं, लाइट फार पॉवरफुल आहे. पण असा दिवा बेताच्या पॉवरचा असला तरी डोळ्यांवर येतो, कारण त्याचा उजेड चुकीच्या बाजूला उचललेला असतो.

अप्परचं, म्हणजे हेडलाइटच्या लांबवर जाणाऱ्या उजेडाचं, काम सोपं असतं: समोर, लांब, भरपूर. कसब लागतं ते डिप्परला, म्हणजे खाली झुकवलेल्या उजेडाला, कारण त्याला एकाच वेळी दोन उलटी कामं करायची असतात. आपल्या बाजूची, म्हणजे डावीकडची, रस्त्याची कड लांबवर दिसली पाहिजे. तिथं सायकली असतात, पायी जोतिबाला निघालेले लोक असतात, हंगामात मागे रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात. त्याच वेळी उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड जाता कामा नये. म्हणून डिप्परचा प्रकाश वरच्या बाजूने कापलेला असतो. तो भिंतीवर पाडला तर उजव्या अर्ध्या भागात त्याची वरची कड सरळ आडवी दिसते आणि मध्यापासून डावीकडे ती १५ अंशांनी वर चढत जाते. कडेखाली उजेड, कडेवर अंधार. जर्मनी-फ्रान्समधल्या गाडीत हेच चित्र आरशात पाहिल्यासारखं असतं. तिथं वाहतूक उजवीकडून चालते, म्हणून चढ उजवीकडे.

संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीतला हॅलोजन दिव्यांचा जुना निकष पाहिला की हे काम किती नाजूक आहे ते कळतं. दिव्यासमोर २५ मीटरवर पडदा धरतात. त्यावरचा एक बिंदू म्हणजे ५० मीटरवरून येणाऱ्या चालकाचे डोळे. तिथं जास्तीत जास्त ०.४ लक्स प्रकाश चालत असे (लक्स म्हणजे एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचं माप). पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं, म्हणजे ही मर्यादा त्याहून थोडीच जास्त होती. दुसरा बिंदू आपल्या बाजूच्या रस्त्यावरचा, ७५ मीटर अंतरावरचा. तिथं किमान १२ लक्स लागत. तीसपट फरक, आणि हे दोन बिंदू एकमेकांपासून पाच अंशही लांब नाहीत!

आता जर्मन दिवा आपल्या गाडीला लावला तर काय होईल, याचा हिशेब मांडू. डिप्परची आडवी कड साधारण १ टक्क्याने खाली झुकवलेली असते, म्हणजे १० मीटरवर ती दिव्याच्या उंचीपेक्षा १० सेंटीमीटर खाली येते. समोरच्या कारचालकाचे डोळे आपल्या दिव्यापेक्षा साधारण अर्धा मीटर वर आणि ३ मीटर उजवीकडे असतात असं धरू. गाडी ५० मीटरवर असताना आडवी कड दिव्याच्या अर्धा मीटर खाली असते. पण या दिव्याची कड उजवीकडे १५ अंशांनी चढते. ३ मीटरच्या अंतरात ती ८० सेंटीमीटर वर जाते. म्हणजे ती दिव्याच्या ३० सेंटीमीटर वर पोहोचली, डोळ्यांच्या फक्त २० सेंटीमीटर खाली. गाडी ३० मीटरवर आली की आडवी कड ३० सेंटीमीटर खाली, त्यात ८० मिळवा, बरोबर अर्धा मीटर वर. थेट डोळ्यांत. हा हिशेब सपाट रस्त्याचा आणि रिकाम्या डिकीचा. मागे चार पोती टाकली आणि गाडीचं नाक एक अंश वर उचललं गेलं, तर ५० मीटरवर उजेडाची कड ८७ सेंटीमीटर वर सरकते. गगनबावड्याच्या रस्त्यावरचे खड्डे तुम्ही यात मिळवा.

आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्येही या डोळ्यांची जागा ठरवून दिली आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या टोकापासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, तो दिपता कामा नये. त्यात 'उजवीकडे' हा शब्द आहे, कारण आपल्याकडे समोरचा तिथूनच येतो.

ही तिरकी कड दिवा तयार कसा करतो? मला सगळ्यात आवडणारा भाग हा आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरात असलेला एच-४ बल्ब घ्या. त्यात दोन तारा असतात, एक अप्परची, एक डिप्परची. मागचा आरसा अन्वस्ताकार, म्हणजे पॅराबोलाच्या आकाराचा. शाळेत शिकलेलं आठवा: प्रकाश नाभीवर ठेवला की आरशावरून परतणारे किरण समांतर निघतात. अप्परची तार नाभीवर असते. डिप्परची तार मुद्दाम नाभीच्या थोडी पुढे ठेवलेली असते. त्यामुळे परतणारे किरण समांतर न राहता अक्षाकडे वळतात. आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावरून आलेले किरण खाली, रस्त्याकडे जातात. खालच्या अर्ध्या भागावरून आलेले वर, समोरच्याच्या डोळ्यांकडे जातात. हे दुसरे आपल्याला नको असतात. म्हणून डिप्परच्या तारेखाली धातूची एक चिमुकली वाटी बसवलेली असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते आणि आरशाचा खालचा अर्धा भाग अंधारात राहतो.

खरी करामत त्या वाटीच्या काठांत आहे. एका बाजूचा काठ आडवा असतो. दुसऱ्या बाजूचा १५ अंशांनी खाली उतरवलेला असतो. त्या उतरत्या काठावरून थोडा प्रकाश निसटतो आणि आरशाच्या खालच्या भागातली १५ अंशांची एक पाचर उजळते. आपल्या दिव्यात ही पाचर आरशाच्या उजव्या बाजूला असते. तिथून परतणारे किरण अक्ष ओलांडून पलीकडे, म्हणजे डावीकडे आणि वर जातात. डावीकडे चढणारी कड ती हीच. पाचर डाव्या बाजूला असती, तर चढ उजवीकडे आला असता.

अर्ध्या वर्तुळाहून १५ अंश जास्त एवढा भाग या वाटीने उघडा ठेवलेला असतो. म्हणजे बल्ब फक्त १५ अंश फिरवला तर उतरता काठ आडवा होतो, आडवा काठ उतरता होतो, आणि पाचर एका बाजूची दुसरीकडे जाते! देश बदलला, बल्ब १५ अंश फिरवला. युरोपातल्या काही जुन्या दिव्यांत बल्बच्या खोबणीला खरोखरच अशा दोन जागा ठेवलेल्या असत. इतकी साधी युक्ती मोटारीत दुसरीकडे क्वचितच सापडेल. मात्र जिथं काचेवरचे उभे-आडवे पन्हाळही एकाच बाजूच्या वाहतुकीसाठी कोरलेले असतात, तिथं नुसता बल्ब फिरवून भागत नाही.

हे एकदा समजलं की हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या काचेला काळा रंग फासण्याची जुनी पद्धत किती उलटी आहे, ते लक्षात येतं. समज असा की वरच्या काचेतून निघणारा प्रकाश वर जातो. एच-४ च्या डिप्परचा जवळजवळ सगळा उपयोगी प्रकाश आरशाच्या वरच्या भागावरून येतो, काचेच्या वरच्या भागातूनच बाहेर पडतो आणि खाली रस्त्यावर जातो. तोच आपण रंग लावून अडवतो. अप्पर लावला की खालचा मोकळा भाग समोरच्याला दिपवायला पुरतो. ज्यांना हा काळा पट्टा म्हणजे सुरक्षा वाटते आणि अमावास्येला बंपरला लिंबू-मिरची बांधली की अपघात टळतो असंही वाटतं, त्यांना मी कळकळीने सांगेन की दोन्ही सोडा. दिव्याचा कोन तपासून घ्या. घाटात जीव वाचवणारी वस्तू ती आहे.

एच-४ च्या खोबणीत घालायच्या 'वीस हजार ल्युमेन'च्या एलईडी बल्बांची जाहिरातही याच माळेतली. ल्युमेन म्हणजे बल्बमधून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचं माप. मूळ एच-४ डिप्परला साधारण १००० ल्युमेन देतो. आरसा घडवलेला असतो तो काही मिलिमीटर लांबीच्या त्या तारेसाठी, तिच्या नेमक्या जागेसाठी. तिथं वेगळ्या आकाराच्या एलईडीच्या चिपा बसवल्या की कड विस्कटते. आकडा जितका मोठा, तितका विस्कटलेला उजेड जास्त.

प्रोजेक्टर दिव्यात वाटीऐवजी भिंगामागे एक पडदी असते. भिंग तिची उलटी प्रतिमा रस्त्यावर टाकतं, म्हणून खालचा प्रकाश अडवणारी पडदी वरची कड बनवते. काही गाड्यांत ही पडदी हलवायला खटका असतो, काहींत गाडीच्या मेनूतून देश बदलता येतो. पण कितीतरी आधुनिक दिव्यांत कड आरशाच्याच गुंतागुंतीच्या आकारातून घडते. तिथं फिरवायला काही नसतं. इंग्लंडहून फ्रान्सला जाणारे प्रवासी काचेवर ठरावीक जागी चिकटपट्टी लावतात, त्याने फक्त चढ झाकला जातो. चार दिवसांच्या सहलीला ते ठीक. कायमच्या गाडीला नाही, कारण आपल्या बाजूची रस्त्याची कड मग अंधारातच राहते.

स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी डावीकडची वाहतूक उजवीकडे नेली, तेव्हा सगळ्या देशाला एकदम हा प्रश्न पडला होता. गाड्यांना आधीच नवे दिवे बसवून त्यांच्यावर झाकणपट्ट्या लावल्या गेल्या आणि त्या ठरल्या दिवसानंतर काढल्या गेल्या. ओकिनावात ३० जुलै १९७८ रोजी याच्या उलट दिशेचा बदल झाला. तिथंही दिवे बदलावे लागले.

शाही दसऱ्याला दसरा चौकात येणारी कोल्हापूर संस्थानची मेबॅक मोटार सगळ्यांनी पाहिली आहे. ती जर्मन, पण महायुद्धापूर्वीची. तिरक्या कडेचा डिप्पर युरोपात १९५७ च्या सुमारास रुजला. त्याआधीच्या जर्मन दिव्यांचा डिप्पर दोन्हीकडे सारखाच असे, त्यामुळे तो कोणत्याही देशात चालून जाई, फक्त आपल्या बाजूची रस्त्याची कड लांबवर दिसत नसे.

बाकीचे बदल वायरिंगचे आहेत, म्हणून थोडक्यात. अमेरिकेत मागचे इंडिकेटर लाल चालतात, आपल्याकडे आणि युरोपात ते पिवळसर नारिंगीच लागतात. मागचा लाल फॉगलाइट एकच असेल तर तो रस्त्याच्या मध्याकडच्या बाजूला हवा, म्हणजे आपल्याकडे उजवीकडे. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत हेडलाइट पिवळे असत. तो रंग धुक्यात जास्त शिरतो ही समजूत आजही गगनबावड्याला जाणारे सांगतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते पांढरा आणि पिवळा जवळजवळ सारखाच विखुरतात. धुक्यात उपयोग होतो तो दिवा खाली आणि रुंद पसरण्याचा.

चुकीच्या बाजूचा दिवा लागलेला असेल तर गॅरेजमध्ये हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे स्क्रू फिरवून तो खाली झुकवणे. त्याचाही हिशेब करू. ३० मीटरवर चढती कड ८० सेंटीमीटर खाली आणायची तर झुकाव १ टक्क्यावरून साधारण ३.७ टक्क्यांवर न्यावा लागतो. दिवा जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवर असेल तर आधी ६५ मीटरवर रस्त्याला टेकणारी आडवी कड आता १८ मीटरच्या आतच टेकते. ताशी ६० किलोमीटर वेगात ब्रेक मारायचा विचार येण्यापासून गाडी थांबेपर्यंत ४० मीटरच्या आसपास अंतर जातं. त्यामुळे अशा वेळी दोन्ही दिवे बदलणं हाच उपाय उरतो.

नवे दिवे घेताना काच नीट पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या नियमांप्रमाणे मंजूर झालेल्या हॅलोजन डिप्परवर गोलात इंग्रजी ई अक्षर आणि आकडा असतो. त्याच्या जवळ आडवा बाण शोधा. दिव्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर बाण तुमच्या उजव्या हाताकडे, म्हणजे गाडीच्या डाव्या बाजूकडे, दाखवत असेल तर दिवा आपल्या वाहतुकीचा. दोन्ही टोकांचा बाण असेल तर दोन्हीकडे चालणारा, मात्र त्याची बाजू लावून घ्यावी लागते. बाणच नसेल तर तो उजवीकडून चालणाऱ्या देशाचा, मग दुकानदार काहीही सांगो. घरी आणून बसवल्यावर रात्री सपाट जागी गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा आणि डिप्पर लावा. चढ डावीकडे दिसला पाहिजे, आणि उजवीकडची आडवी कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली.