अमेरिकेतून आपलं राज्य वेगळं काढायचा अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचं पुढे काय होतं

६ नोव्हेंबर २०१२ ला बराक ओबामा दुसऱ्यांदा निवडून आले. दुसऱ्याच दिवशी व्हाइट हाऊसच्या संकेतस्थळावर लुइझियाना राज्याच्या नावाने एक अर्ज पडला. मागणी एवढीच की आमच्या राज्याला शांततेने संघराज्यातून बाहेर पडू द्या आणि स्वतःचं नवं सरकार स्थापन करू द्या. ९ तारखेला टेक्सासचा अर्ज आला. आठवडाभरात पन्नासच्या पन्नास राज्यांच्या नावाने असे अर्ज जमा झाले. त्यातले बरेचसे एकमेकांची नक्कल होते, आणि मजकूर १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातून उचललेला होता.

मग प्रश्न पडतो की असा अर्ज करता येतो का? येतो. मंजूर होतो का? नाही. या दोन उत्तरांच्या मधली प्रक्रिया नेमकी कशी आहे, ते खाली सांगतो. टेक्सासमध्ये ह्यूस्टन-डॅलसकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना तिच्यातले काही मुद्दे थेट लागू पडतात.

व्हाइट हाऊसची याचिका

या सोयीचं नाव होतं ‘वी द पीपल’. ओबामा सरकारने ती सप्टेंबर २०११ मध्ये सुरू केली. आधार होता अमेरिकी राज्यघटनेतली पहिली दुरुस्ती. भाषण, धर्म आणि वृत्तपत्रं यांच्या स्वातंत्र्यासोबत सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्कही ती देते. पण गाऱ्हाणं मांडायचा हक्क आणि ते मान्य होण्याचा हक्क या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा हक्क कुणी दिलेला नाही.

पात्रता: वय १३ वर्षं पूर्ण. बस. नागरिकत्वाचा दाखला नाही, मतदारयादीत नाव असण्याची अट नाही, त्या राज्यात राहत असल्याचा पुरावाही नाही. म्हणजे टेक्सास फुटावं म्हणून ओहायोतला माणूस सही करू शकत होता, आणि एच-वन व्हिसावर आलेला पुण्याचा अभियंताही.

कागदपत्रं: नाव आणि चालू ईमेल पत्ता. पिन कोड ऐच्छिक. ईमेलवर आलेल्या दुव्यावर टिचकी मारली की खातं पक्कं झालं आणि सही नोंदली. यादीत पूर्ण नाव छापत नसत. पहिलं नाव, आडनावाचं आद्याक्षर, गाव, तारीख आणि सहीचा क्रमांक एवढंच दिसे.

शुल्क: काही नाही.

मजकूर: शीर्षकाला १२० अक्षरं, मागणीला ८००. देश सोडण्याची कारणमीमांसा ८०० अक्षरांत बसवायची! टेक्सासच्या अर्जदाराने ती बसवली. केंद्र सरकार खर्च आवरत नाही, विमानतळावरच्या झडत्यांसारख्या गोष्टींतून नागरिकांचे हक्क पायदळी तुडवले जातात, आणि आमचं राज्य तर अंदाजपत्रक जुळवून चालतं व जगात पंधराव्या क्रमांकाची अर्थव्यवस्था आहे, तेव्हा वेगळं होणं व्यवहार्य आहे. एकूण सूर असा की घरखर्च आम्ही चालवतो, मग वाटणी करून द्या.

सह्यांची पायरी: अर्ज टाकला म्हणून तो लगेच सगळ्यांना दिसत नसे. आधी स्वतःच दुवा पाठवून १५० सह्या गोळा करायच्या, तेव्हा कुठे तो संकेतस्थळाच्या शोधात येई. त्यानंतर ३० दिवसांत २५,००० चा आकडा गाठला की सरकारकडून लेखी उत्तराचं आश्वासन. सुरुवातीला ही मर्यादा फक्त ५,००० होती. ऑक्टोबर २०११ मध्ये ती २५,००० झाली आणि जानेवारी २०१३ मध्ये १,००,०००. टेक्सासने २५,००० चा टप्पा तीन दिवसांत ओलांडला आणि अखेरीस सव्वा लाखाच्या वर सह्या जमवल्या. लुइझियाना, फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना हेही टप्प्यापार गेले.

विरुद्ध बाजूही गप्प बसली नाही. टेक्सास फुटणारच असेल तर ऑस्टिन शहराला टेक्सासमधून फुटून अमेरिकेत राहू द्या, असा अर्ज आला. फुटीच्या अर्जांवर सह्या करणाऱ्यांना देशाबाहेर काढा, असाही आला. तिथेही ईमेल पत्ता पुरेसा होता.

उत्तर कधी आणि काय आलं

११ जानेवारी २०१३ ला. उत्तर लिहिलं व्हाइट हाऊसच्या लोकसंपर्क विभागाचे संचालक जॉन कार्सन यांनी. सगळ्या राज्यांना मिळून एकच उत्तर. आशय असा की घटनाकारांनी सरकार मतपेटीतून बदलायचा हक्क ठेवला आहे, संघराज्य सोडून निघून जायचा नाही. सोबत लिंकन यांच्या १८६१ च्या पहिल्या अध्यक्षीय भाषणाचा दाखला, त्यानंतरच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात मेलेल्या सहा लाखांहून अधिक माणसांची आठवण आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १८६९ च्या निकालाचा संदर्भ. भाषा सौम्य होती, थोडी मास्तरकी वाटावी अशी.

गंमत म्हणजे त्याच दिवशी त्याच खिडकीतून आणखी एका गाजलेल्या अर्जाला उत्तर गेलं. चित्रपटातल्यासारखं ग्रह फोडणारं ‘डेथ स्टार’ अंतराळस्थानक सरकारने बांधावं, अशी ती मागणी होती. तीही फेटाळली, खर्च परवडत नाही म्हणून. मला वाटतं, या याचिकांकडे सरकार कसं बघत होतं ते या शेजाराने जेवढं कळतं तेवढं कुठल्या घटनातज्ज्ञाच्या लेखातून कळणार नाही.

आज ही खिडकी बंद आहे. जानेवारी २०२१ मध्ये सरकार बदललं आणि संकेतस्थळावरून ‘वी द पीपल’ गेलं. त्यामुळे ‘व्हाइट हाऊसकडे याचिका, एक लाख सह्या हव्यात’ असा जुना निरोप कुणी पुढे ढकलला तर त्यावर वेळ घालवू नका.

नकाराचं मूळ: रोख्यांची एक फिर्याद

कार्सन यांनी दाखला दिलेला १८६९ चा निकाल ‘टेक्सास विरुद्ध व्हाइट’ या खटल्यातला. तो खटला फुटीच्या हक्कावर म्हणून उभा राहिलाच नव्हता. भांडण होतं सरकारी रोख्यांचं. १८५० च्या सीमातडजोडीत टेक्सासला अमेरिकी सरकारचे रोखे मिळाले होते. यादवी युद्धात टेक्सास दक्षिणेच्या बाजूला गेलं आणि तिथल्या बंडखोर सरकारने त्यातले उरलेले रोखे व्हाइट वगैरे व्यापाऱ्यांना देऊन कापूस पिंजायची साधनं आणि औषधं मागवायचा करार केला. युद्ध हरल्यावर नव्या सरकारने रोखे परत मागितले आणि थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावला.

व्यापाऱ्यांच्या बाजूने आक्षेप आला की थेट इथे यायचा हक्क फक्त राज्याला आहे, आणि टेक्सास तर राज्य उरलंच नाही, ते फुटून गेलं होतं. आता न्यायालयाला ठरवणं भाग पडलं. सरन्यायाधीश सॅमन चेस यांनी १२ एप्रिल १८६९ ला बहुमताचा निकाल दिला की टेक्सास कायद्याने कधी बाहेर पडलंच नव्हतं. संघराज्य अभंग आणि त्यातली राज्यंही अभंग. पुढे मात्र दोन दारं ठेवली: क्रांती, किंवा इतर राज्यांची संमती.

पहिल्या दाराला अर्ज लागत नाही. दुसऱ्या दारासाठी कुठलाही नमुना फॉर्म, खिडकी किंवा मुदत राज्यघटनेत लिहिलेली नाही. इतर राज्यांची संमती म्हणजे नेमकं काय, किती राज्यांची, कोणत्या ठरावाने, हे निकालातही सांगितलेलं नाही. अर्जदाराला पोच मिळते पण पुढचं टेबल सापडत नाही, ते यामुळे.

राज्य पातळीवरचे रस्ते

इथे कागदपत्रं वाढतात. माझं निरीक्षण असं की या विषयात अर्जाचं वजन त्याला लागणाऱ्या कागदपत्रांच्या प्रमाणात असतं. नुसत्या ईमेलवर होणाऱ्या अर्जाला नुसतं पत्र मिळतं.

टेक्सासमध्ये नागरिकांनी सह्या जमवून राज्यव्यापी सार्वमत घडवून आणायची सोयच नाही. जवळचा रस्ता म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीच्या मतपत्रिकेवर आपला प्रश्न छापून घ्यायचा. तो बंधनकारक नसतो, पक्षाला कौल कळतो एवढंच. त्यासाठी गव्हर्नरपदाच्या मागच्या प्राथमिक निवडणुकीत त्या पक्षात पडलेल्या मतांच्या ५ टक्के सह्या लागतात. २०२४ च्या रिपब्लिकन मतपत्रिकेसाठी हा आकडा ९७,७०९ होता. सही करणारा नोंदणीकृत मतदार हवा. सोबत छापील अक्षरात नाव, राहता पत्ता, जन्मतारीख किंवा मतदार क्रमांक आणि तारीख. सही हाताने केलेली.

‘टेक्सास नॅशनलिस्ट मूव्हमेंट’ या संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे १,३९,००० सह्या पक्षाकडे नेऊन दिल्या. आकडा भरपूर. पण पक्षाने अर्ज परत पाठवला. एक तर मुदत उलटली होती, दुसरं म्हणजे बहुसंख्य सह्या संगणकावर केलेल्या होत्या. संघटना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथेही दाद लागली नाही. राज्य वेगळं करण्याच्या गुणदोषांवर चर्चा झालीच नाही, कागदातच अर्ज बाद झाला. सरकारी कार्यालयात ‘सही निळ्या शाईत का नाही’ म्हणून परत फिरलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असलेल्यांनी इथे सही करू नये. ही मतदारांची याचिका आहे, आणि तुम्ही मतदार नाही.

कॅलिफोर्नियात सार्वमताची सोय आहे आणि तिथली प्रक्रिया सर्वांत पक्की. मजकूर ॲटर्नी जनरल म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे द्यायचा, सोबत २,००० डॉलर अनामत. २०१६ च्या आधी ही रक्कम २०० डॉलर होती. हौशी अर्ज फार येऊ लागले म्हणून दहापट केली. प्रश्न मतपत्रिकेसाठी पात्र ठरला तर अनामत परत मिळते. ॲटर्नी जनरल शंभर शब्दांच्या आत शीर्षक आणि गोषवारा लिहून देतात. तो अर्जदाराला बदलता येत नाही, आणि बऱ्याच मोहिमांचा जीव इथेच जातो. मग १८० दिवसांत सह्या. साध्या कायद्यासाठी गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीतल्या मतांच्या ५ टक्के, घटनादुरुस्तीसाठी ८ टक्के. प्रत्येक परगणा आपल्याकडे आलेल्या सह्यांचा नमुना काढून मतदारयादीशी ताडून पाहतो.

२०१६ ला डोनाल्ड ट्रम्प निवडून आल्यावर ‘कॅलेक्झिट’ची, म्हणजे कॅलिफोर्निया वेगळं काढायची मोहीम याच रस्त्याने निघाली. या वेळी रागावलेले दुसऱ्या बाजूचे होते, हे लक्षात घ्या. ५,८५,४०७ सह्या हव्या होत्या. एप्रिल २०१७ मध्ये मोहिमेच्या अध्यक्षांनीच रशियात कायम राहायचं ठरवून अर्ज मागे घेतला. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. जानेवारी २०२५ मध्ये तसाच नवा अर्ज सह्यांसाठी मोकळा झाला. लागणाऱ्या सह्या ५,४६,६५१ होत्या, शेवटची तारीख २२ जुलै २०२५ होती आणि मतदान नोव्हेंबर २०२८ मध्ये घ्यायचं होतं. या अर्जातलं कलम मुद्दाम वाचण्यासारखं आहे. निम्म्या मतदारांनी मतदान केलं आणि त्यात ५५ टक्के होकार आले, तरी राज्य बाहेर पडत नाही. निकाल अमेरिकेवरचा ‘अविश्वास’ मानला जातो आणि अभ्यासासाठी एक आयोग बसतो. पाच लाखांवर सह्या, राज्यभर मतदान आणि फलित काय, तर समिती. आपल्याला ही पद्धत परकी वाटायचं कारण नाही.

विधिमंडळाचा तिसरा रस्ता न्यू हॅम्पशायरने दाखवला. तिथे मांडलेल्या प्रत्येक विधेयकावर सुनावणी आणि मतदान होतं, म्हणून २०२२ मध्ये फुटीचा घटनादुरुस्ती प्रस्ताव सभागृहापर्यंत पोचला. १३ विरुद्ध ३२३ मतांनी पडला.

आणि आपल्याकडे

भारतात असा अर्ज करायच्या फंदात पडू नका, हे स्पष्ट सांगतो. अमेरिकेत देशातून फुटण्याची शांततेने केलेली मागणी हे संरक्षित भाषण आहे. आपल्याकडे बेकायदा कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, १९६७ प्रमाणे देशाचा कुठलाही भाग तोडण्याच्या मागणीला पाठिंबा देणं हेच बेकायदा कृत्य ठरतं, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. त्याआधी १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने निवडणूक लढवणाऱ्याच्या शपथेत देशाची एकात्मता राखण्याचं वचन घातलं.

देशाच्या आत राहून राज्य बदलायची मागणी वेगळी, ती कायदेशीर आहे. वेगळा विदर्भ हे तिचं ठळक रूप. पण त्यासाठीही नागरिकांचा अर्ज चालत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३ प्रमाणे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीने संसदेत येतं, आणि संबंधित विधानसभेचं मत फक्त मागवलं जातं, ते बंधनकारक नसतं. ग्रामसभेच्या ठरावाला या अनुच्छेदात कुठेच जागा नाही.

तरी ठराव होतात. २०१८ मध्ये नांदेडच्या धर्माबाद तालुक्यातल्या गावांनी तेलंगणात जायची मागणी केली. सांगलीच्या जत तालुक्यातल्या गावांनी पाणी मिळत नाही म्हणून २०१२ मध्ये, म्हणजे टेक्सासचा अर्ज आला त्याच वर्षी, कर्नाटकात जायचा ठराव केला होता. दहा वर्षं त्याला कुणी विचारलं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्या गावांवर दावा सांगितला आणि तो जुना कागद एकदम बातम्यांत आला. पुढच्या काही दिवसांतच कर्नाटकाने तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी जतच्या हद्दीत सोडलं, आणि मुंबईत जतला पाणी देणाऱ्या म्हैसाळच्या विस्तारित योजनेची फाइल हलली.